जड कोणाला जाईल

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंय. शहापूरला कराटेच्या क्लासला नाव घालायला गेले होते. सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "ताई, आधी वजन कमी करा, मग या. तुम्हाला जड जाईल." पांढरा पट्टा कमरेला लावून बघितला, तर गाठ मारण्याइतकाही उरला नाय. पोरं हसली. सर पण हसले.

माझं वजन उतरेपर्यंत आटगावच्या रस्त्यावर माझा हात धरणारा तो माणूस थांबणार आहे का? भाताचे भारे डोक्यावरून वाहणारी मी, आणि त्याने हात धरला त्या दिवशी नुसती उभी राहिले. स्वतःचाच राग जास्त येतो.

शेजारच्या खोलीत ज्युदो शिकवणाऱ्या बाई दारातून सगळं बघत होत्या. त्यांनी मला आत नेलं नि स्वतः गादीवर उताण्या झोपल्या. "मला दाबून धर. उठू देऊ नको." मी त्यांच्या छातीवर आडवी पडले. बाईंनी दोनदा धडपड केली, मग हरल्याची खूण म्हणून गादीवर हात आपटला. "सोड गो आता. उद्यापासून ये. पट्टा मी मोठा आणते."

जड जाईल म्हणे. जाईलच. पण मला नाय, माझा हात धरणाऱ्याला.