साठ तुकड्यांचा लॉट

३ मार्च, मंगळवार

वही उघडली. रिटायर होताना कारखान्यातून तीन कोऱ्या वह्या आणल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच लिहिण्यासारखं काही घडलं.

३१ तारीख हा हिचा हॉस्पिटलच्या लॅबमधला शेवटचा दिवस. एकोणतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. दुपारी सेंड-ऑफ, चाळीस माणसं. जेवताना ही म्हणाली की सगळ्यांसाठी काहीतरी गोड न्यायचंय, बेकरीत सांगून ठेवते. मी म्हटलं, बेकरी कशाला, मी आहे ना. खजूर आणि सुक्या मेव्याचा रोल करतो. गॅस नको, ओव्हन नको, साखर नको. खजूर कुस्करायचा, मेवा घालायचा, वळायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, कापायचा. डाव्या हाताचा मळ.

हिने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली की करा, वीस मिनिटांचं तर काम आहे, आदल्या दिवशी केलं तरी चालेल.

सासूबाईंनी (वय चौऱ्याऐंशी, मुक्काम आमच्याकडेच) विचारलं की जावईबापूंना फ्रिज उघडता येतो, पण त्यात काही ठेवताही येतं का. वयोमानाने माणूस असंबद्ध बोलतं.

वीस मिनिटं म्हणे. एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. अशा घाईमुळेच पंप गळतात.

४ मार्च, बुधवार

ड्रॉइंग काढलं. व्यास तीस मिलिमीटर, जाडी बारा, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे एक. लॉट साठ तुकड्यांचा: चाळीस माणसांना, वीस राखीव. कडेला खोबऱ्याचा कीस. छेददृश्यात बदाम वेगळ्या रेघांनी दाखवले. अर्धं काम आजच संपलं म्हणायला हरकत नाही.

ड्रॉइंग फ्रिजवर चिकटवलं. सासूबाईंना तो नवीन नळाचा नकाशा वाटला.

७ मार्च, शनिवार

खरेदी. सुक्या मेव्याच्या दुकानात खजुराचे सात प्रकार होते. सातही चाखून पाहिले. तिसरा आणि पाचवा यांत निर्णय होईना म्हणून ते पुन्हा. मग काजू, बदाम, पिस्ते, अंजीर, प्रत्येकी तीन ठिकाणचे. दुकानदार सुरुवातीला हसतमुख होता. शेवटी त्याने विचारलं की साहेब घरून जेवून निघाला होतात ना. आपुलकीची माणसं हल्ली दुर्मीळ.

एक किलो बिनबियांचा खजूर, बाकी सगळं पाव-पाव किलो. काचेच्या बरण्यांत भरून लेबलं लावली.

९ मार्च, सोमवार

आलेला माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा पहिला नियम. दुकानात तपासला होता, पण वाहतुकीत काय झालं असेल कोण सांगणार. प्रत्येक बरणीतून नमुना घेतला. एक काजू खाऊन अख्ख्या बरणीबद्दल मत देणं बेजबाबदारपणाचं, म्हणून दहा. बरणीच्या तळाचा माल वेगळा असू शकतो, म्हणून तळाचे दहा.

सासूबाईंनी विचारलं की मघापासून काय चघळताय. मी सांगितलं की सॅम्पलिंग चाललंय. त्यांनी हात पुढे केला. मी नम्रपणे समजावलं की ट्रेनिंग नसलेल्या माणसाचा रिझल्ट धरता येत नाही. त्या हात तसाच धरून बसल्या. शेवटी एक मनुका दिली. मनुका आपल्या रोलमध्ये नाहीच.

१३ मार्च, शुक्रवार

गंभीर बाब. काजू पाव किलो होते, आज वजन केलं तर नव्वद ग्रॅम. बदामही निम्म्यावर. अंजीर तीन.

घरात माणसं तीन. ही सकाळी आठला जाते ती सहाला येते. मी बरण्यांचा जबाबदार अधिकारी. राहता राहिलं कोण? कवळी आहे, बदाम फुटणार नाहीत हे मान्य, पण म्हातारीची जिद्द दांडगी आहे. काही बोललो नाही. पुरावा हवा.

बरण्या माळ्यावर हलवल्या. तिथे पोचायला स्टूलवर चढावं लागतं.

१६ मार्च, सोमवार

बरण्यांतला माल अजूनही कमी होतोय. स्टूलवर चढणं सासूबाईंच्या बापजन्मी शक्य नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ चढून प्रत्यक्ष पाहणी करतो, नेहमीचा नमुना घेतो, उतरतो. तरी गळती चालूच. गूढ आहे.

काजू संपले.

१९ मार्च, गुरुवार

हिने विचारलं की कुठवर आलं. मी म्हटलं, प्लॅनिंग पूर्ण, मटेरियलमध्ये थोडी अडचण. ही म्हणाली की आता सगळी मशीनं आणि रजिस्टरं नव्या मुलीला समजावून द्यायची आहेत, मला घरी आल्यावर मान वर करायला वेळ नाही, जमत नसेल तर आत्ताच सांगा, बेकरीवाल्याला पाच दिवस आधी कळवावं लागतं. मला राग आला. एकतीस वर्षांत माझ्या सहीने गेलेला एकही पंप परत आला नाही. असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं की एकूण गेले किती.

प्रश्नाचा रोख समजला नाही.

२१ मार्च, शनिवार

पुन्हा दुकान. मी शिरताना दुकानदाराने सगळ्या परातींवर झाकणं ठेवली. माश्या असाव्यात.

२३ मार्च, सोमवार

ट्रायल लॉट. थेट उत्पादनाला हात घालतो तो अडाणी.

सकाळी १०. पाव किलो खजूर मिक्सरमध्ये. मिक्सर घुं करून बसला. वास आला. मिक्सर जुना आहे, मी पूर्वीच म्हणालो होतो. सासूबाई म्हणाल्या की खजूर हाताने कुस्करतात. त्यांना अनुभव आहे हे खरं, पण अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे.

११.३०. हाताने कुस्करला.

१२. रोल वळला. फ्रिजमध्ये पाच तास लागतात, फ्रीझरमध्ये दोन तासांत होईल. हा विचार आजवर कुणाला कसा सुचला नाही?

२.३०. रोल दगड झालाय. सुरी वाकली. गॅलरीतून लोखंड कापायची करवत आणली.

३.१५. चौदा तुकडे. व्हर्नियर कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजले. सगळे टॉलरन्सच्या बाहेर. चौदाच्या चौदा रिजेक्ट.

रिजेक्ट माल चांगल्या मालात मिसळण्याचा धोका असतो, त्यामुळे तो तत्काळ नष्ट करायचा असा नियम आहे. ४ वाजता चहाबरोबर नष्ट केला.

२४ मार्च, मंगळवार

तब्येत नरम. सकाळपासून सहा फेऱ्या. हवा बदलली आहे.

२६ मार्च, गुरुवार

ही रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरताना म्हणाली की बेकरीची मुदत आज संपली, मी काही सांगितलं नाही तिथे. मग म्हणाली, इतकी वर्षं दोघांचे डबे मीच भरले. लॅबमध्ये कुणाच्या आईने केलेलं येतं, कुणाच्या सुनेने केलेलं येतं, आपल्याकडून गेलं ते सगळं माझ्याच हातचं. एकदा तरी दुसऱ्या कुणी माझ्यासाठी केलेलं घेऊन जावं असं मनात होतं. एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली.

तिने घासलेली भांडी मी पुसून मांडणीत लावली. ओली राहिली तर डाग पडतात.

ठराव: उद्या पहाटे पाचला उठून काम सुरू.

२७ मार्च, शुक्रवार

साडेआठला जाग आली. शरीर विश्रांती मागत असेल तर त्याचं ऐकावं.

२९ मार्च, रविवार

आज करणार होतो, पण ही घरात होती. तिने सरप्राइजचा आनंद घालवून बसू नये म्हणून पुढे ढकललं. तिने दोनदा विचारलं की मदत करू का. दोनदा ठणकावून नाही म्हटलं. हे तिच्यासाठी आहे, तिने हात लावायचा नाही.

३० मार्च, सोमवार

सकाळी ९. प्रत्यक्ष उत्पादन. खजूर हाताने. मेवा बारीक चिरला. चिरताना उडालेले तुकडे जमिनीवर पडण्याआधी पकडून खाल्ले. स्वच्छता महत्त्वाची.

११. वहीचं पान हाताला चिकटतंय. नंतर लिहितो.

१२. चार रोल वळून फ्रिजमध्ये. खालच्या कप्प्यात. सासूबाईंनी स्वतः खुर्ची आणून फ्रिजसमोर मांडली आणि तिच्यावर बसल्या. का ते सांगितलं नाही. चार वेळा गेलो, चारही वेळा जाग्या.

संध्याकाळी ५.३०. कापले. बरोबर साठ. खोबऱ्यात घोळवले. कबूल करतो, एवढी सुंदर वस्तू माझ्या हातून आजवर झाली नव्हती. कापलेल्या तोंडावर पिस्त्यांचे हिरवे ठिपके. पाहत राहावंसं वाटलं.

५.४५. फायनल इन्स्पेक्शन. एक-एक तुकडा कॅलिपरमध्ये. अठ्ठावीस पास झाल्यावर व्यास वाढू लागला. एकतीस पॉइंट दोन. एकतीस पॉइंट चार. जीव तुटत होता, पण घरचा माल म्हणून डोळेझाक करणारा मी नव्हे. एकोणीस रिजेक्ट निघाले. नियमाप्रमाणे नष्ट.

६.१०. ही आली. ओट्यावर कॅलिपर बघून तिने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं की याच्या चिमट्यात हा खजूर कसला चिकटलाय. पुसून पुन्हा मोजलं. सगळे तीस. म्हणजे रिजेक्ट केलेले एकोणीसही चांगलेच होते. एक समाधान आहे, मी खाल्लेला एकही तुकडा सदोष नव्हता.

पास: एक्केचाळीस. माणसं चाळीस. प्लॅनिंग याला म्हणतात.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी ७. मोठ्या डब्यात बटर पेपर घालून तुकडे मांडले. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्याने गुणधर्म बदलले नाहीत ना, याची खात्री करण्यासाठी एक. बदलले नव्हते. चाळीस माणसं, चाळीस तुकडे. चोख.

संध्याकाळी ७. दुपारी लॅबमध्ये गेलो. डबा मीच धरला होता. आत टेबलं जोडून मांडली होती आणि त्यांवर बोट ठेवायला जागा नाही इतके डबे. केक, सँडविच, फळं, बिस्किटं, काय नाही ते. मी रिसेप्शनिस्टला म्हटलं की वा, तुमच्याकडे सेंड-ऑफ जोरात असतो. ती म्हणाली की नाही हो, एरवी सामोसा आणि चहा. या वेळी मॅडमनी महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की गोडाचं आमचे हे स्वतः करणार आहेत. म्हणून आम्ही प्रत्येकाने घरून काही ना काही आणायचं ठरवलं.

तिने हे अगदी सरळ मनाने सांगितलं. मी हो हो म्हटलं.

डबा कुठे ठेवू कळेना. तेवढ्यात ही आली आणि तिने तो माझ्या हातातून घेतला. केक होता, सगळं होतं, पण ही आधी तो डबा घेऊन एकेकाच्या पुढे गेली. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत. प्रत्येकाला तेच सांगत होती, यांनी केलंय. लोक खाऊन माझ्याकडे वळून बघत होते. एकजण म्हणाला की छान झालंय, पण एकेकच का. ही म्हणाली की हिशेबी माणूस आहे. तिचा चेहरा मी लांबून पाहिला. आमच्या लग्नातसुद्धा इतका खूश नव्हता.

घरी आल्यावर चपला काढता काढता ही म्हणाली की सगळे नावाजत होते, मी काही चाखला नाही, घरी एखादा ठेवलाय ना.

मी म्हटलं, चाळीस माणसं, चाळीस तुकडे.

ही म्हणाली, बरोबर आहे, मी कुठे चाळीसात. रागावून नाही, सहज. मग पिशवीतून रिकामा डबा काढला, तळाला बोट फिरवलं, बोटाला लागलेला खोबऱ्याचा चुरा तोंडात टाकला आणि म्हणाली की खरंच छान झालंय. डबा विसळून पालथा घातला.

साठातले वीस माझ्या पोटात आहेत. नमुना, रिजेक्ट, तपासणी असं काहीबाही लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. फार वाईट वाटतंय.

ही आत आईशी बोलत बसली आहे.