एकतीस गावांतली एक ओळ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
कोडोलीच्या दूध संस्थेचा फोन. आपल्या प्रोग्रामनं बाळाबाईंचं दूध घेतलंच नाही! मागच्या आठवड्यात त्यांचे मालक वारले. सचिवांनी तशी नोंद केली, तर पडद्यावर बाळाबाईंच्याच नावापुढं ‘सभासद बंद’. सचिवांनी फोन त्यांच्या हातात दिला. मी काहीबाही समजावत होते. त्या म्हणाल्या, “नवरा गेलाय बाई. म्हस हाय की.”

४ फेब्रुवारी
सापडलं. चूक कोडोलीच्या प्रोग्राममध्ये नाहीच — खालच्या फ्रेमवर्कमध्ये आहे. ह्यांनी रचलेला पाया. त्यावर एकतीस संस्थांचे प्रोग्राम उभे. एकदा लिहायचं, सगळीकडं वापरायचं. नवी संस्था आली की चार दिवसांत काम तयार. त्यावरच आमचं चौघांचं ऑफिस चालतं. पण चूकही एकदाच लिहिली आणि एकतीस गावांत पोचली. बाई सभासद असेल तर नवऱ्याचं नाव सक्तीचं. तो मयत, की तिचं खातं बंद.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज पहिल्यांदा ह्यांचा राग आला. कुणाला सांगणार?

५ फेब्रुवारी
उदयसिंह भावजी म्हणजे ह्यांचे धंद्यातले भागीदार. त्यांचं म्हणणं, कोडोलीपुरतं ठिगळ लावू. पायाला हात लावला तर एकतीस ठिकाणी तपासावं लागेल, गडहिंग्लजचं नवं काम लांबेल. खरंय ते. मी विचारलं, बाकी तीस गावांत कुणाचे नवरे मरणारच नाहीत का?

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, “दादांचा हेका तुमच्यात उतरलाय, वहिनी. करा.”

बाळाबाईंचं दूध तोवर वहीवर घ्यायला सांगितलं.

८ फेब्रुवारी
पाया बदलला. अठरा संस्था तपासून झाल्या. हातकणंगल्याची पावती बिघडली — परत प्रोग्रामिंगचं पुस्तक काढून बसले. दहावी शिकलेल्या बाईला दुसरा गुरू कोण!

११ फेब्रुवारी
एकतीस. सगळ्या. कोडोलीत सकाळी बाळाबाईंचं दूध मशीनवर घेतलं.

पण तपासताना आधीच खाती बंद झालेल्या एकोणीस बायका निघाल्या. दूध मुलाच्या, दिराच्या नावावर गेलेलं. एकीनंही फोन केला नव्हता. एकोणीसही खाती उघडली.

१२ फेब्रुवारी
बदलाचं कारण नोंदवायला, कुठली ओळ कुणी कधी लिहिली त्याची जुनी नोंद उघडली. नवऱ्याच्या नावाची ती ओळ ह्यांची नाही. २०१६ ची, मी शिकत होते तेव्हाची. लिहिणाराचं नाव — वर्षाराणी.

मी.