वाघदऱ्याचा ठराव

१२ मार्च, सोमवार

वाघदऱ्यात टँकरवर मारामारी. पोचलो तेव्हा वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरून चिखलात. एका म्हातारीच्या डोक्यात घागर घातलेली. कपाळातून रक्त, पण रांगेतली जागा सोडंना. मला बघून एकजण ओरडली, "आमदार आला, आता ह्याच्याच टाळक्यात घाला!" धोंडा आला, बॉनेटवर. रफिकनं गाडी मागं घेतली नसती तर दुसरा काचेतून आत होता.

रफिक तेरा वर्षं माझ्या गाडीवर. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो तेव्हा तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. घाबरत नाही. परतताना म्हणाला, "साहेब, त्यांचं काय चुकलं?"

तहसीलदाराला दुसरा टँकर मागितला. म्हणतो, भरायचा कुठून ते तुम्हीच सांगा.

१४ मार्च, बुधवार

कारखान्याच्या निवडणुकीचे फॉर्म भरले. नानांच्या विरोधात पूर्ण पॅनल. नाना म्हणजे सख्खे मामा. अठरा वर्षं चेअरमन. मला काट्यावर त्यांनीच चिकटवलं, तिकीटही त्यांनीच आणलं.

जनावरांची छावणी कारखान्यावर काढा म्हणून चारदा गेलतो. चौथ्यांदा सगळ्या संचालकांसमोर म्हणाले, "भास्कर, कारखाना म्हंजी गोशाळा हाय का बे? आमदार केला म्हणून लई शहाणा झालास?" सगळे हसले. जनावरांसाठी उभा राहिलो की त्या हसण्यासाठी, खरं सांगता येत नाही.

सोसायट्यांच्या मतांवर गाडी अडली. सोसायटी ज्याच्या नावाचा ठराव करते तोच तिच्या वतीनं मत देतो. वाघदऱ्याचा ठराव नानांच्या माणसाच्या नावानं झालाय. सचिव सुदाम गायकवाड. बौद्धवाड्यातला, त्यांच्यातला पहिला बी. ए. पाटोद्याला बोर्डिंगात आम्ही एका खोलीत होतो. दत्ता म्हणतो, "दादा, सुदामकडून ठराव बदलून घेतो." धाकटा भाऊ आहे, माझ्या निवडणुकीत पायाला भिंगरी लावून फिरला. मी म्हणालो, "कसाबी आण, पण आण."

१६ मार्च, शुक्रवार

लिहावं की नाही.

दुपारी वाघदऱ्याला गेलो. दत्ता आणि त्याचे तिघं मागच्या जीपमध्ये. सोसायटीच्या खोलीपुढं थांबलो. सुदाम दारात आला. सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, तुमीच सांगा ह्याला. झालेला ठराव खोडता येत न्हाई. माझी सही हाय खाली."

मी म्हणालो, "बघ सुदाम, जमत असंल तर."

दत्तानं आमच्या डिकीतली टॉमी, चाक खोलायची लोखंडी कांब, काढली. माझ्या देखत. म्हणाला, "दादा, तुमी उतरू नका." आत गेले, दार लावलं.

मी रफिकला म्हणालो, "काचा वर कर. ऊन लागतंय." ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

काचा वर करूनही आवाज यायचा तो आला. पहिल्यांदा सुदाम शिव्या देत होता. मग "आई" म्हणाला. मग काहीच नाही, नुसतं लोखंड. समोर शाळा. पोरांच्या पाढ्यांचा आवाज मधेच थांबला, गुरुजींनी खिडक्या लावून घेतल्या.

दत्ता बाहेर आला. ठरावाच्या वहीवर रक्त. "आणला," म्हणाला.

१७ मार्च, शनिवार

सुदामला बीडला नेलंय. उजव्या हाताची चार बोटं आणि गुडघा मोडलाय. फौजदाराचा फोन. "साहेब, अज्ञात इसम लिहू का?" मी म्हणालो, तुमचं काम तुम्ही करा. तो समजला.

जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं. तिला सांगितलं, पित्त.

२० मार्च, मंगळवार

दवाखान्यात गेलो. चार कार्यकर्ते, फळांची पाटी. सुदामच्या बायकोनं पाटी पायानं सरकवून दाराबाहेर नेली. मी सगळ्यांना बाहेर पाठवलं. दोघंच राहिलो.

तो छताकडं बघत होता. मी म्हणालो, "सुदाम, मुंबईला मोठ्या डॉक्टरकडं नेतो तुला."

"दत्ताचं सोडा. त्याला अक्कलच तेवढी." मग वळून बघितलं. "भास्कर, तू काच कावून वर केली?"

बोर्डिंगानंतर पहिल्यांदा त्यानं नावानं हाक मारली. उठलो.

२७ मार्च, मंगळवार. मुंबई

विधानसभेत प्रश्न आला. विरोधी बाकावरचे एक सदस्य माझं नाव घेऊन म्हणाले, मारहाणीच्या वेळी आमदार बाहेर गाडीत बसले होते असं गावात बोललं जातं. गोंधळ. आमच्या नेत्यांनी खूण केली, उठा.

निवडून आल्यापासून सभागृहात दोनदा बोललो, दोन्ही वेळा टँकरवर, दोन्ही वेळा पाय कापत होते. आज नाही कापले. म्हणालो, "अध्यक्ष महोदय, त्या दिवशी मी धर्मापुरीला देवदर्शनाला गेलो होतो. मतदारसंघातच नव्हतो." बाकं वाजली. जेवायच्या सुट्टीत मंत्र्यांनी पाठ थोपटली. आता तुम्ही तयार झालात, म्हणाले.

२९ मार्च, गुरुवार

रफिकनं पेपरात वाचलं. नगरच्या पुढं आल्यावर म्हणाला, "साहेब, धर्मापुरीला कोण घेऊन गेलतं तुमाला?"

"गप बे. रस्ता बघ."

तेरा वर्षांत त्याला कधी 'बे' म्हणालो नव्हतो. घरी आल्यावर किल्ली बायकोच्या, सुमनच्या हातात दिली. "भाभी, संभाळा," म्हणाला आणि चालत एसटीकडं गेला. सुमननं मला विचारलं, काय झालं? सांगितलं. सगळं. ती भांडली नाही. किल्ली माझ्यापुढं ठेवली आणि आत गेली, ते बरं नाही वाटलं.

३ एप्रिल, मंगळवार

सकाळी फौजदाराचा फोन. रफिक जबाब द्यायला आलता. म्हणतो, गाडी मी चालवत होतो, साहेब आत होते, सगळं बघितलं. "मी त्याला गुरुवारी ये म्हटलंय. आता तळवाड्याला बहिणीकडं हाय. म्हटलं, तुमाला कळवावं."

मी मोठ्यानं म्हणालो, "तळवाड्याला?" शेजारी दत्ता चहा पीत होता. फोन ठेवून बघतो तर बशीत चहा तसाच आणि बाहेर जीप सुरू झालेली.

इथंच थांबतो. किल्ली घेतली आहे. जातोय.

५ एप्रिल, गुरुवार. बीड, दवाखाना

डोक्याला टाके. खांद्याचं हाड मोडलंय. सुमन म्हणते लिहू नका. लिहितो.

तळवाड्याला मी पोचलो तेव्हा जीप बोळाच्या तोंडाशी आडवी उभी. दत्तानं रफिकला अंगणात ओढलं होतं. बहीण मधे पडली तर तिला एकानं भिंतीवर आपटली, तिच्या तोंडातून रक्त. शेजारचे माळवदावरून बघत होते, कोणी उतरंना. दत्ताच्या हातात तीच टॉमी. मी ओरडलो, "दत्ता, सोड त्याला!" त्याला ऐकूच आलं नाही. असं तोंड मी त्याचं आधी बघितलं नव्हतं. की वाघदऱ्यात दाराआड हेच होतं?

मी रफिकवर आडवा पडलो. पहिला फटका खांद्यावर. दुसरा डोक्यात. दुसऱ्याच्या वेळी दत्ताला दिसलं असावं. का नसावं. मधलं आठवत नाही. एवढं आठवतं की गाडी चालू होती, कोणीतरी तोंडावर पाणी मारत होतं, आणि रफिक एका हातानं स्टिअरिंग धरून म्हणत होता, "साहेब, बोलत ऱ्हा. कायबी बोला. झोपू नका."

६ एप्रिल, शुक्रवार

आज पेपर दाखवला. 'आमदारांवर प्राणघातक हल्ला.' विरोधी पॅनलचा कट. फितूर ड्रायव्हर अटकेत.

रफिक अटकेत! मला दवाखान्यात आणून टाकलं, तिथंच धरला. कपड्यावर माझं रक्त होतं ना.

पाटोदा बंद. एसटी जाळली. नानांना पोरांनी गाडीतून ओढून काढलं, धोतर फेडून कारखान्याच्या फाटकापर्यंत मारत नेलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. कानानं आता ऐकू येत नाही म्हणतात. माझ्या नावाच्या घोषणा देत मारलं.

मुंबईहून नेत्यांचा फोन. "काही बोलू नका. आराम करा. रविवारी मतदान आहे, कारखाना आलाच म्हणून समजा. मंत्रिमंडळाच्या पुढच्या विस्तारात तुमचं बघू."

दत्ता आला. पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. "दादा, आईची शपथ, मला दिसलंच न्हाई तुमी हायत." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला गेला. ह्याला मी सायकल शिकवलेली. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाला, "पण बघा, सगळं आपल्याच पथ्यावर पडलं."

७ एप्रिल, शनिवार

सुमन काल ठाण्यात जाऊन रफिकला बघून आली. मला न विचारता. त्याला उभं राहता येत नाही. कोठडीत त्याच्याकडून नानांचं नाव वदवून घेतायत. अजून त्यानं घेतलं नाही. माझंही नाही. "साहेब शुद्धीवर आले का?" एवढंच तिला विचारलं.

फौजदार आलाय. जबाब घरूनच टाईप करून आणलाय. नाना, रफिक आणि चार नावं. म्हणतो, "साहेब, वाचायचा त्रास घेऊ नका. खाली सही तेवढी." दत्तानं पाठीमागं उशी लावली, पेनाचं टोपण काढून पुढं धरलं.

फौजदार म्हणाला, "वहिनी, जरा बाहेर थांबता का?"

सुमन म्हणाली, "न्हाई. मी हितंच ऱ्हाणार. काय बोलायचं ते माझ्यासमोर बोलू द्या."

मी म्हणालो, दोन मिनिटं द्या, एवढं लिहून होऊ दे. तिघंही वाट बघतायत. खाली रस्त्यावर मोर्चा आलाय, माझ्याच नावानं ओरडतायत, आणि दुकानांचे पत्रे वाजतायत.