शेवटची तारीख नसलेला कागद

अंबड, नाशिक

मैनाताई,

फोनवर सांगता येत नाय म्हणून लिहिते. पाठवीन असं वाटत नाय.

मी परमनंट झाले म्हणून तू देवळ्यात पेढे वाटले, ती चूक माझीच हाय. आधी कंपनीचा कागद अकरा महिन्यांचा असायचा. नव्या कागदावर शेवटची तारीखच नव्हती. मला वाटलं, तारीख नाय म्हणजे कायमचं. सही करून टाकली.

बाळंतपणाची सुट्टी मागायला गेले तर हपिसातली बाई हसली. "अगं, तू आता कामगार नाहीस, स्वतःच ठेकेदार आहेस. टॅक्सपण ठेकेदाराचाच कापतो तुझा. हवी तेवढी सुट्टी घे. तुझ्या जागी दुसरी बसेल." तारीख नाय म्हणजे कधीपण घरी बसवतील, हे तेव्हा कळलं.

सव्वा महिना उंबरा ओलांडू नको म्हणलीस. मी सतराव्या दिवशी कामावर गेले, ताई. पोर शेजारच्या सावित्रीबाईंकडं असते. तुझे डिंकाचे लाडू डब्यात नेते. दुधानं ब्लाऊज भिजतो, पण वरून एप्रन असतो, दिसत नाय. सुपरवायझर नुसता जवळ आला तरी एप्रन वर ओढून घेते.

काल तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बाथरूममधी होते.

"शेक घेते ना? पोरीचा आवाज कसा नाय?"

"झोपलीय," मी म्हणले.

"लय गुणाची हाय गं."

हो म्हणले, आन परत कामावर जाऊन बसले.

तुझ्या लेखी अजून बाजेवरच असलेली,
हर्षाली