बायडाबाईच्या चुलीचा पाइप

पेठ, ता. आंबेगाव
दि. ९ मार्च १९९७

॥ श्री ॥

ती. कुशाबादादा यास, धाकट्या सावळेरामचा शि. सा. न. वि. वि.

आई इथं माझ्याकडं सुखरूप आहे, म्हणजे मला रोज शिव्या देण्याइतकी बरी आहे. काल तिला मंचरला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी कागदावर आईचं नाव लिहिलं, बायडाबाई, छातीला नळी लावली आणि आधी मला विचारलं, म्हातारी बिड्या किती ओढते. आईला असा राग आला की ती उठून बाहेर निघून गेली. मी सांगितलं, बिडीला तिनं जन्मात हात लावला नाही, चुलीपुढं बसते. तर म्हणाले, मग तेच ते. छाती धुरानं भरलीय. येत्या पावसाळ्यात पुन्हा कोंडलेल्या धुरात बसली तर त्याच्या पुढचा पावसाळा बघायची नाही. असं तोंडावर बोलले, राव.

आईला हे सांगितलेलं नाही. तिचं आपलं एकच चाललंय, भाताच्या रोपासाठी राब भाजायचे दिवस आले आणि मी इथं हायवेच्या कडेला काय करते. धाकट्या सुनेच्या गॅसवरची भाकरी तिला रबरासारखी लागते. तिला घाटघरला यायचंय, आणि मला तिला त्या धुरात पाठवायचं नाही.

म्हणून नीट ऐक. वर्कशॉपमध्ये मी पत्र्याचा पाइप वेल्डिंग करून ठेवलाय, तो एस्टीनं पाठवतो. वहिनीला नवी चूल घालायला सांग. तोंड लहान ठेवायचं, मागं दुसऱ्या भांड्यासाठी वैल, आणि वैलामागून धूर पाइपात जाईल असं भोक. पाइप कौलातून सरळ वर काढायचा, आढ्याच्याही वर हातभर. वासा, रीप, कारवी, कुठल्याच लाकडाला तो टेकता कामा नये, चारी बाजूंनी वीतभर जागा सोड. कौलातून जातो तिथं मी दिलेली पत्र्याची चकती बसव आणि मातीनं लिंप. वरून टोपी घाल, नाहीतर आपल्याकडचा पाऊस पाइपातून उतरून चूल विझवेल. हे सगळं झाल्याचं तुझं पत्र येईस्तोवर आईला मी गाडीत बसवणार नाही.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, आता जरा घाईही असू दे.

तुझा,
सावळेराम


घाटघर, ता. जुन्नर
दि. २ एप्रिल १९९७

चि. सावळ्यास कुशाबाचा आशीर्वाद. आमी समदी खुशाल हाय, तुमची खुशाली कळवावी.

पाइप मिळाला. जुन्नरच्या स्टँडवर कंडक्टर त्यो टपावर टाकू देईना. म्हणाला, ही काय मालगाडी हाय का. त्येला चहा पाजला तवा कुटं मऊ झाला. गाडीतली माणसं मला इचारत व्हती, पावणं, नाणेघाटात तोफ बसवताय का. तुझ्यापायी गावभर हसं झालं ते झालंच.

चूल मातुर झ्याक झाली. तुझ्या वहिनीनं वारुळाची माती आणली, त्यात भाताचा तूस मळला, अन् अशी गुळगुळीत घातली की हात फिरवत बसावं. पाइप बी बसवला. आता सैपाकघरात धूर नावाला न्हाई. भाकरी थापताना तिला डोळं पुसावं लागत न्हाईत.

एक गोष्ट तेवढी मी माझ्या अकलंनं केली. कौल फोडलं न्हाई. पाइप कापून आखूड केला, चुलीवरच्या माळ्यापतुर नेला अन् तिथंच सोडला. तू पेठंला राहून ईसरला आसशील, पर त्या माळ्यावर आपलं भाताचं अन् नाचणीचं बियाणं आसतंय. खालून धूर लागतो म्हणून त्येला किडा लागत न्हाई. आखाडात वली लाकडं तिथंच सुकत्यात. कौलाखालची कारवी बी धुरावरच टिकली, बापाच्या येळंपासनं. समदा धूर आभाळात सोडून द्यायचा तर बियाणं काय तुझ्या हायवेवर आणून ठिवू? आता खाली आईला धूर न्हाई अन् वर बियाण्याला हाय. दोघांचंबी भागलं.

तवा आईला पाठव. राबावर कुटं किती पाला टाकायचा त्ये तिलाच कळतंय, अन् ती न्हाई तर मला शेतावर करमत न्हाई. तुझ्या बायकोला आशीर्वाद. रागावू नको, रागावलास तरी माया पातळ करू नको.

तुझा,
कुशाबा


पेठ
दि. १० एप्रिल १९९७

ती. दादा यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला रॉड खाली ठेवून मी वर्कशॉपच्या बाहेर जाऊन बसलो. मालकानं विचारलं काय झालं. काय सांगू त्याला? मी पाइप धूर घराबाहेर काढायला दिला होता, माळ्यावर चढवायला नाही.

अरे, पाइपातून नुसता धूर जात नाही, ठिणगीही जाते. माळ्यावर काय आहे ते तूच आठव. पेंढा, वाळलेली लाकडं, काटक्या, वर कारवी. आगीला तू जिना बांधून दिलास. आणि धूर माळ्यावर साठला की तो तिथंच बसून राहील असं तुला वाटतं का? हळूहळू खालीच उतरणार, आणि आई अंथरूण टाकते तिथंच उतरणार. मग मी एवढा खटाटोप कशासाठी केला? जुन्या चुलीनं काय वाईट केलं होतं?

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं तिथंच माझं गणित बिघडलं. ती म्हणते, कुशाबानं शहाणपणा केला, बियाण्यापुढं माझ्या छातीचं काय घेऊन बसलात. आता इथं तिच्याशी भांडायचं आणि तिथं तुझ्याशी. तिनं पिशवी भरून दाराशी ठेवलीय, आणि येताजाता माझ्याकडं असं बघते की मीच तिला कोंडून घातलंय.

दादा, मी धाकटा असून हात जोडून सांगतो. पाइपाला आणखी एक तुकडा पाठवतो आहे, तो जोड आणि कौलाबाहेर काढ. ते होत नसेल तर नवी चूल पेटवूच नको, अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक करा. माझं ऐकलंस तर उपकार होतील, नाही ऐकलंस तर मी पत्र लिहायचंच बंद करीन. हे मी रागानं लिहितो आहे, ते तुला कळावं म्हणूनच लिहितो आहे.

वहिनीस नमस्कार.

सावळेराम


घाटघर
दि. १९ एप्रिल १९९७

सावळेराम भावजींना रत्नाचा नमस्कार.

हे पत्र मी लिहिते, कारण तुमच्या भावाचा उजवा हात फडक्यात बांधलेला हाय. घाबरू नका. हात बरा होईल, घर बी वाचलं.

परवा दुपारी मी भाकरी करत होते. वर माळ्यावर तडतड ऐकू आली, मला वाटलं उंदीर. मग परातीत जळका दाणा पडला. वर बघते तर पेंढा पेटलेला. मी ओरडले तसे हे शेतावरून धावत आले, शिडी न लावताच वर चढले आणि पेटत्या पेंढ्यात हात घालून बियाणं खाली फेकायला लागले. मी खालून म्हणते, अहो पाणी घ्या, तर ह्यांचं आपलं बियाणं, बियाणं. शेवटी मीच हंडा वर चढवला. नाचणीचं बी जळालं. भाताचं वाचलं, पण भिजलं, ते उन्हात घातलंय. तुमचं दुसरं पत्र त्याच्या आदल्या दिवशी आलं होतं. ह्यांनी ते वाचून छपराच्या वाशात खोवलं आणि म्हणाले, सावळ्याला काय कळतंय.

आता माझं ऐका. तुम्ही दोघं भाऊ पत्रांतून पाइप वरखाली करताय. चुलीपुढं कोण बसतं ते कुणी इचारलं का? मी बसते. सासूबाईंना ढास लागली की मला वाटतं, ही माझीच ढास हाय, फक्त अजून यायचीय. मला हा धूर घरात नको, माळ्यावर नको, कुठंच नको.

बियाण्याचं मी बघते. माझ्या माहेरी हातवीजला बियाणं राखेत कालवून, निर्गुडीचा पाला घालून मडक्यात ठेवतात आणि तोंड शेणानं लिंपून घेतात. किड्याची काय बिशाद हाय. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगते. ह्यांना ते हात भाजल्यावर ऐकू आलं. लाकडांना पडवीत फळी मारून घेऊ.

तुम्ही स्वतः या आणि पाइप नीट लावून द्या. तुमच्या भावाच्यानं कौल फोडवणार नाही, वडिलांनी शाकारलेलं छप्पर म्हणून त्यांचा जीव होत नाही. मी फोडून ठेवलंय.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा. माणसं येऊ द्या, पत्रं पुरे झाली.

तुमची वहिनी,
रत्ना


पेठ
दि. १५ जून १९९७

ती. दादा व वहिनी यांस सा. न. वि. वि.

मे महिन्यात पाइप लावून, आईला तुमच्यापाशी सोडून आलो, त्यानंतर तुमची एक ओळ नाही. येताना आईनं मला निरोपही धड दिला नाही. गाडीतून उतरली ती थेट राबाकडं चालत गेली. मी पिशवी घेऊन मागं.

हाताची जखम भरली का? आता मी लिहितो ते पुन्हा कटकट म्हणून वाचू नको. महिन्यातून एकदा टोपी काढून लांब फांदीनं पाइपातली काजळी पाड. ती साठली तर पाइपाच्या आतच पेट घेते. घाटाकडून वारं सुटलं आणि धूर उलटा आला तर टोपीचं तोंड फिरव, ती फिरती केलीय. चकतीभोवतीची माती पावसानं फुगली तर पुन्हा लिंप.

आईचा खोकला कसा आहे, एवढं तरी कळव. इथं आभाळ भरून आलं की माझं कामात लक्ष लागत नाही. मालक परवा बोललाच. आईला विचारून, ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

चार ओळींचा भुकेला,
सावळेराम


घाटघर
दि. २० जुलै १९९७

चि. सावळ्यास कुशाबाचा आशीर्वाद.

हात बरा झाला, कातडं जरा आखडलंय, पर नांगर धरता येतो. म्हणून आता माझ्या हातानं लिहितोय. पाइप चांगला हाय. घाटावरनं वारं सुटलं तवा एकदा धूर मागं फिरला, म्या टोपी फिरवली, तवापासनं तक्रार न्हाई. काजळी बी पाडतो. मडक्यातलं बियाणं खणखणीत निघालं, रोप जोरात आलं, लावणी चालू हाय. तुझ्या वहिनीजवळ मी हे अजून बोललो न्हाई, तूबी लिहू नको.

आता खरं सांगतो. माझं डोकं फुटायची पाळी आलीया. घरात धूर न्हाई, अन् घरात आईबी न्हाई.

पाऊस लागला अन् तिचं सुरू झालं. सकाळी भाकरी खाती, डोक्यावर इरलं घेती अन् खालच्या आळीला साळुबाईच्या चुलीपुढं जाऊन बसती. साळुबाईचं घर तुला ठावं हाय, ठेंगणं, चारी बाजूंनी पावसासाठी झाकलेलं. आत कोण बसलंय त्ये खोकल्यावरनं वळखायचं. सांजच्याला आई परत येती ती डोळं लाल, अन् छातीत नुसती घरघर. जेवताना दोन घास गिळायला तिला दम खावा लागतोय. मेमधी तू सोडून गेलास तवा ती बरी व्हती रं. ते समदं वाया चाललंय.

मला वाटलं, आपल्या चुलीचं तोंड लहान, तिला ऊब पुरत न्हाई आसंल. तुझ्या वहिनीनं घमेल्यात निखारं घालून तिच्या पुढ्यात ठिवलं. ती हात शेकून गेलीच. मग मला ऱ्हावलं न्हाई. डॉक्टर जे बोलला व्हता, तू तिच्यापासनं लपवलेलं, ते मी समदं सांगून टाकलं. वाटलं, आता तरी घाबरंल. तिनं नुसतं हं केलं अन् इरलं उचललं.

काल लावणी टाकून मी तिच्या मागं गेलो. साळुबाईच्या दारात उभा ऱ्हाऊन लई वरडलो. म्हणलं, आमी भावाभावांत भांडलो, हात जाळून घेतला, बापाचं छप्पर फोडलं, ते कुणासाठी? बोलता बोलता रागानं माझं मलाच रडू आलं. आत साळुबाई, सोनीबाई अन् ठकूबाई चुलीभवती बसल्या व्हत्या, पदर तोंडाला लावून. आई जागची उठली न्हाई. म्हणाली, “लगीन हून आल्यापासनं आमी चौघी एकाच धुरात बसलोय. आता मी एकटीच वाचून काय करू?”

मी उंबऱ्यावरच बसलो. तशी तीच पुढं बोलली. तुमाला माझ्या छातीची लई काळजी हाय ना, मग साळुबाईच्या घराला पाइप बसवा. त्यो बसला की मी सोनीबाईच्या चुलीपुढं जाऊन बसणार हाय. तिचं झालं की ठकूबाईकडं. ती म्हातारी हे समदं ठरवूनच बसली व्हती, सावळ्या. तिघी म्हाताऱ्या माझ्याकडं बघत व्हत्या.

साळुबाईचं आढं आपल्यापरीस हातभर बुटकं हाय, त्या मापानं पाइप कर. जमलं तर तिन्ही घरांचं एकदमच कर. मालकाच्या पाया पड, काय बी सांग, पर सुट्टी काढून ये. तुझ्या वहिनीनं चुलीसाठी माती भिजत घातलीया.

बाकी आशीर्वाद हायेतच. पत्र मिळताच निघ, ती आत्ता बी तिथंच बसलीया.

तुझा,
कुशाबा