नावाच्या जागी ठिपके

३ जुलै
वीर स्टेशनला उतरले, रिक्षाने महाड आणि तिथून एसटीने पोलादपूर. खोली मस्त मिळालीय, खिडकीतून कशेडीचा डोंगर दिसतो. कामही मजेचं. दरडीचा इशारा आला की वरच्या वाडीतला भोंगा घरोघरची नावं पुकारणार, त्याचा प्रोग्रॅम करायचा. तोही लिहायचा नाही, स्क्रीनवरचे रंगीत ठोकळे जोडायचे. पोरखेळ.

५ जुलै
पोरखेळ कसला, डोक्याला ताप आहे. दोन नावांमध्ये भोंग्याने थांबावं म्हणून ठोकळ्यात नव्या ओळीची खूण \n टाकली, तर तो वाडीभर ‘बॅकस्लॅश एन’ ओरडत सुटला. खूण कुठली आणि साधी अक्षरं कुठली, ठोकळ्यात कळतच नाही. रिकाम्या जागा तर दिसतही नाहीत. भोंगा सांभाळणाऱ्या सोनाबाईंनी फोन करून विचारलं, ह्यो बॅकस्लॅश कुनाकडचा पावना हाय. मला हसूही येईना.

वाडीची रीत त्यांनीच सांगितली. मागच्या दरडीत सगळे एकदम ओढ्यावरच्या साकवावर धावले, साकव मोडला, माणसं गेली. तेव्हापासून ज्याचं नाव पुकारलं त्याने ‘ओ’ द्यायची आणि निघायचं. नाव येईपर्यंत उंबरा सोडायचा नाही.

८ जुलै
रिकाम्या जागा दाखवायची सोय एकदाची सापडली. प्रत्येक जागेला एक करडा ठिपका. नावांच्या मध्ये ठिपकेच ठिपके. माझ्या आधी यादी करणाऱ्याने दरडीत गेलेल्यांची नावं खोडली आणि जागा तशाच ठेवल्या. असल्या अर्धवट कामाचा मला मनस्वी राग येतो. सगळे पुसले.

९ जुलै
परत आलेत. पुन्हा पुसले. सोनाबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे गो बाय, भोंगा तिथं थांबला की कुनीतरी ओ देतं. आमी ऐकताव, बोलत नाय. मी फोन आपटला. भीती वाटली, पण चीड जास्त.

११ जुलै
आता जित्या माणसांची नावं जातायत. श्रीपत गेलं, जागी ठिपके. लिहिलं, सेव्ह केलं. तोवर बयाबाई. ठोकळा बदलला, मशीन बदललं. तेच. वैताग वैताग.

१४ जुलै, दुपार
इशारा आलाय. भोंगा चालू. बाकीची नावं जागेवर, फक्त सोनाबाईंच्या नावाच्या जागी ठिपके. टाइप करते — ठिपके. फोनवर म्हणतात, नाव आलं नाय, कशी निघू. अहो, निघा —

रिक्षा करून वाडीत पोचले. फोनमध्येच लिहितेय. सगळे साकवापलीकडे, सोनाबाई एकट्या उंबऱ्यावर. ओढते, हलत नाहीत. वर माती सुटलीय.

शेवटी मीच ओरडले — सोनाबाई —

ओ आली. त्यांचं तोंड मिटलेलं. ओ डोंगराकडून, खूप जणांची.

आणि त्या उठल्या. साकवाकडे नाही. वर. माझं मनगट धरलंय, सुटत नाही, मी सांगतेय की साकव इकडे —