सुंदरताईचा टाक

अवो,

रिसोडले सोनाराकडे चालली. भाकरी अन् पिठलं झाकून ठेवलं हाय, खाऊन घ्या. तुरीच्या कोठीत सुंदरताईचा चांदीचा टाक शोधत बसू नका, तो मी नेला.

मेलेल्या पहिल्या बायकोची मूर्त कोरलेला टाक दुसरीनं गळ्यात घाला लागते, असं तुमची माय लग्नातच म्हणे. तुमी तो काहून लपवला, ते आता समजलं. रोज दिवेलागणीले कोठीत तोंड घालून तिले सारं सांगता, माह्यासंग मात्र मुके. काल तिनं तुमाले जबाब देल्ला, तो मीही आयकला.

भेव वाटलं. पण मी मेडशीले माहेरी पळणार नाही. टाक मंगळसूत्रात ओवून आणतो. आता बोलाचं तं माह्याकडे पाहून बोला, आमी दोघीही आयकू. जबाब कोण देईन, ते मले सांगता येत नाही.

चंदा